खिडकीवरचा माणूस

आमच्या गावच्या दूध संस्थेच्या खिडकीवर तो बसायचा. घड्याळ मनगटाच्या आतल्या बाजूला बांधायचा, आणि साडेसहा वाजले की खिडकी बंद. दुष्काळात टँकरच्या रांगेत अडकून मी एकदा दोन मिनिटं उशिरा पोचले, तर म्हणाला, "टायम झाला, ताई. उंद्या या." भरली किटली घेऊन घरी आले. पुढं कितीतरी दिवस मनातल्या मनात त्याला शिव्या देत होते.

संस्थेची सहल किल्ल्यावर न्यायचं खूळ त्याचंच. तिथं रोज दिवस मावळताना नगारा वाजवून दरवाजा लावतात. शेकडो वर्षांत खंड नाही म्हणे. वाटेत टेम्पो पंक्चर झाला. पायथ्याशी उतरल्या उतरल्या तो पळत सुटला आणि एकटाच आत पोचला. आम्ही अजून चढावरच होतो, तोवर नगारा सुरू झाला.

"अरे, थांबवा की त्यांना जरा!" आमचे चेअरमन खालून ओरडले.

दरवाज्यावरचा म्हातारा थांबायला तयार होता. पण हाच म्हणाला, "न्हाई, बाबा. आमच्यापायी रीत कशाला मोडता? लावा तुमी."

आणि स्वतः बाहेर येऊन आमच्यात उभा राहिला. दरवाजा लागला. नगारा आम्ही सगळ्यांनी बाहेरूनच ऐकला. नगारा थांबल्यावर यानं मनगट उलटं करून बघितलं.

"बराबर टायमावर," तो म्हणाला. त्याला इतकं खूश मी कधीच बघितलं नव्हतं.