सुमनला विचारलेला प्रश्न

हे मी आजवर कोणालाही सांगितलेले नाही — मुलींनाही नाही.

माझी पत्नी सुमन अंडाशयाच्या कर्करोगाने गेली. त्या आजारात रक्तातला सीए-१२५ नावाचा घटक मोजतात. डॉक्टरबाईंनी सुरुवातीलाच स्पष्ट केले होते : आजाराचा टप्पा या आकड्यावरून ठरत नाही, तो स्कॅन आणि शस्त्रक्रियेवरून ठरतो, उपचारांनंतर आकडा उतरला तर उत्तम, पण त्रास जाणवला तर आकडा काहीही असो, सांगा. मला ते कळले नव्हते का? पुरते कळले होते. एकलहऱ्याच्या वीज केंद्रात माझी सारी नोकरी नियंत्रण कक्षात गेली. काटा जागेवर असला तरी यंत्राचा आवाज बदलला की उठून पाहायचे — हे नव्या माणसांना मीच दरडावून शिकवले.

उपचार संपले. आकडा उतरला. आजार गेला — निदान मी तसे ठरवून टाकले. मग एक दिवस ती म्हणाली, पोट गच्च वाटते, निऱ्या खोचवत नाहीत, दोन घासांत जेवण होते. मी ताजा रिपोर्ट पुढे केला. आकडा नॉर्मल होता. ती हसली.

"अहो, मी काय तुमचा बॉयलर आहे, काटा बघून कळायला?"

मी हसलो नाही. हा विषय पुन्हा नको, असे बजावले. तिने तो काढला नाही.

पुढच्या तपासणीत डॉक्टरबाईंनी विचारले, "काकू, काही त्रास?" — तिला विचारले, मला नव्हे. तिने माझ्याकडे पाहिले. मी म्हणालो, "काही नाही. उत्तम आहे."

का? स्कॅनमध्ये काय दिसेल, याची मला भीती होती. तिला नव्हती का?

पोटात पाणी भरले तेव्हा स्कॅन झाला. आजार पसरला होता. आकडा तेव्हाही फारसा वाढलेला नव्हता. आधी का सांगितले नाही, असे डॉक्टरबाईंनी विचारले. सुमन म्हणाली, "माझ्याच लक्षात आलं नाही हो." मी शेजारीच बसलो होतो.

मुली आजही म्हणतात, आईने दुखणे अंगावर काढले. कधी तिच्यावर रागावतात — माझ्यासमोर, जेवताना. मी त्यांना थांबवलेले नाही.

लवकर कळले असते तर ती वाचली असती का, ठाऊक नाही. तिने दुखणे लपवले नव्हते. तिने मला सांगितले होते.