लाल पेटीतले मामा

पेटीवाले मामा कुणालाही वाईट बातमी उभ्यानं ऐकू देत नसत. आमच्या तालुक्याच्या गावात जुन्या पोस्टाला लागून सागवानी, लाल रंगाची, काचेच्या दाराची फोनची खोली होती. सगळे तिला लाल पेटी म्हणत. बाहेरगावचा फोन आला की मामा आधी स्वतः ऐकत, माणसाला बोलावून घेत, मग कुबडी टेकत बाहेर येत. "बस आधी. पाणी पी." त्यानंतरच रिसीव्हर हातात मिळे.

माझे वडील लातूरच्या दवाखान्यात होते तेव्हा मामा तांब्या घेऊन बाहेर आले आणि मी ओरडले, "मला पाणी नको, मामा!" ते हलले नाहीत. हळूच म्हणाले, "तुझी आई तिकडं एकटी हाय, पोरी. तिच्याशी नीट बोल. रडायला मी हाय ना इथं."

घरोघरी मोबाइल आले, पेटी बंद पडली. रस्ता रुंदीकरणात ती जाणार असं ऐकलं तेव्हा मी शाळेत शिकवत होते. पेटी वारसा यादीत घ्यावी म्हणून वर्षभर अर्ज केले. आदेश तयार झाला, फक्त सही राहिली. मी लातूरला साहेबांच्या दाराशी बसले होते, तेवढ्यात पेटीशेजारच्या रफिक शिंप्याचा फोन आला.

"बाई, जेसीबी आलाय! मामा आत बसलेत, कडी लावून!"

"साहेब मीटिंगमध्ये आहेत," कारकून म्हणाला. माझ्या कानाशी मशीनची घरघर चालूच होती. ड्रायव्हर विनवत होता, "आजोबा, निघा ना. मला वरून फोनवर फोन येऊन राहिलेत."

मामांचा आवाज शांत होता. "तू तुझं काम कर, बाबा. मी कुठं अडवून राहिलो? बसलोय फक्त."

मग काच फुटल्याचा आवाज आला. मी सरळ मीटिंगच्या खोलीत शिरले. काय बोलले ते आठवत नाही. सही झाली, मी आदेशाचा फोटो रफिकला पाठवला. घरघर थांबली. मामांचा पाय आखडला होता. त्यांना उचलून बाहेर आणलं ते त्या ड्रायव्हरनंच.

महिन्याभरात पेटीभोवती लोखंडी जाळी आली, कुलूप आलं, पाटी आली : 'संरक्षित वास्तू. आत प्रवेश नाही.' मामांनी पाटी दोनदा वाचली.

मला लाज वाटली. "मी किल्ली मागते, मामा."

"असू दे. पेटी राहिली न्हवं? लई झालं."

त्यानंतर ते तिकडं फिरकले नाहीत. रेणापूरला लेकीकडं राहायला गेले. मी मात्र किल्लीसाठी पुन्हा अर्ज करत राहिले. किल्ली हातात पडली त्याच दुपारी रेणापूरची बस धरली.

लेक दारातच भेटली. 

"बाबांना जाऊन आठ दिस झाले, बाई," ती म्हणाली. "कळवायचं लई मनात होतं. पण तुमचा नंबरच न्हवता आमच्यापाशी."