सोळा ठिपक्यांची माणसं आणि लिमये काकांची छत्री

आमच्या घरी एक ड्रॉवर आहे, त्यात जुन्या फोनचे चार्जर साठलेत. फोन केव्हाच भंगारात गेले, पण चार्जर काही टाकवत नाहीत. किश्श्यांचंही तसंच! कंपनी बंद होऊन जमाना झाला, किस्से आहेत तिथेच. त्यात मी राहते वारज्याला आणि आता ऑफिस हिंजवडीत. कंपनीची बस एकदा पुलाच्या अलीकडे अडकली की मागच्या सीटवरची पोरं सुरू होतात, "शुभदा मॅम, ते बुधवार पेठेतलं सांगा ना!" मग मी सांगते. बस हलत नाही आणि माझं तोंड थांबत नाही.

तर बुधवार पेठ. खाली इलेक्ट्रॉनिक्सची दुकानं, तिसऱ्या मजल्यावर आमची गेम कंपनी. रंगीत स्क्रीनचे, बटणांचे फोन नुकते आले होते आणि युरोपातला एक क्लायंट आमच्याकडून त्या फोनांसाठी गेम करून घ्यायचा. अख्खा गेम चौसष्ट केबीत बसवायचा. आज तुमचा एक फोटोसुद्धा त्यात मावणार नाही! मालक आपटे सर, प्रोग्रॅमर मुग्धा लिमये, चित्रं काढायला मी आणि गजानन वानखडे. एवढीच फौज.

आमचे गेम वरून बघायचे असत. म्हणजे तुम्ही गच्चीवर उभे आणि खाली माणसं हिंडतायत, असं. एकेक माणूस सोळा ठिपके रुंद, सोळा ठिपके उंच. त्यात डोकं, खांदे आणि जागा उरलीच तर पाय.

*

गजानन अकोल्याचा. इंटरव्ह्यूला आला तो काखेत भलीमोठी गुंडाळी मारून. उलगडली तर ऑइल पेंटमधलं त्याच्या आजोबांचं चित्र. सुरकुत्या मोजून घ्याव्यात! मी तर बघतच राहिले. आपटे सरांनी चष्मा वर केला, खाली केला.

"वा, उत्तम. आता हेच सोळा बाय सोळात बसवा."

"इंचात, सर?"

"ठिपक्यांत."

गजाननला वाटलं, पुण्यात 'नाही' म्हणायची ही पद्धत असणार. तो बिचारा गुंडाळी आवरायला लागला. म्हणाला, "सर, तेवढ्यात तर नाक बी नाई बसत."

"नाक नकोच आहे. आपण वरून बघतो. टाळू जमते का ते बोला."

जमली. दुपारीच अकोल्याला फोन गेला, पोरगा आयटीत लागला! आयटीत नेमकं काय करतो, हे तिकडून कुणी विचारलं नाही आणि यानंही सांगितलं नाही.

*

टाळू काढायच्या तर टाळूंचा अभ्यास हवा. गजानन वही घेऊन गॅलरीत उभा राहायचा आणि तासन् तास खाली बघायचा. कोण कसं चालतं, कुणाचा खांदा आधी पुढे येतो, कोण पिशवी कुठे धरतं, सगळं टिपून घ्यायचा. आठ दिवसांनी खालचे रेडिओवाले वर आले.

"अहो आपटे, तुमचा तो मुलगा गॅलरीतून बायकांकडे बघतो."

सर शांतपणे म्हणाले, "तो पुरुषांकडेही बघतो. तुमच्याकडेसुद्धा बघतो. वही आणू?"

वही आणली. रेडिओवाल्यांची टाळू चारही बाजूंनी काढलेली, मागच्या टेंगळासकट! ते खूश होऊन ते पान मागून घेऊन गेले.

पुढे पुढे गजानन वरूनच माणसं ओळखायला लागला. "ताई, कुरिअर आलं." "ताई, लाइटवाला आला." एकदा सर जिना चढून आत आले, तर हा कौतुकानं म्हणतो, "सर, मागच्या दिवाळीला तुमचं चार पिक्सेल होतं, आता सहा झालं!"

दुसऱ्या दिवसापासून सर टोपी घालून यायला लागले.

*

क्लायंटच्या मेल म्हणजे वेगळंच प्रकरण. एकदा मेल आली, हिरोचा भाऊ मरतो, त्यानंतर हिरो दुःखी दिसला पाहिजे.

आता वरून काय दिसणार? केस! आम्ही चौघं मीटिंगला बसलो. मी म्हटलं, डोळ्यांत पाणी दाखवू. गजानन म्हणाला, "ताई, डोळे काढलेच कुठं आपण?" मुग्धा म्हणाली, वर अक्षरांत लिहू, 'मी दुःखी आहे'. शेवटी सर म्हणाले, "त्याचा भांग मोडा."

गजाननने भांग मोडला, डोकं एक ठिपका खाली घेतलं आणि चालीत एक फ्रेम वाढवली. म्हणजे पाऊल उचलायला हिरोला क्षणभर उशीर. मी बघितलं आणि खरं सांगते, त्याला चहा विचारायला निघाले होते.

क्लायंटचं उत्तर आलं, "इतका नको."

*

आता मुद्द्याचं. माणूस चार दिशांना चालतो, म्हणजे चार बाजूंची चित्रं हवीत. पण आमच्याकडे जागेची बोंब. म्हणून मुग्धाने युक्ती केली होती. उजवीकडे चालणारा माणूस काढायचा आणि डावीकडे जायचं असेल तर तोच आरशातल्यासारखा उलटा करायचा. एक बाजू फुकट!

गजाननला हे मुळीच पटायचं नाही. "मॅडम, माणूस दोन्हीकडून सारखा नसते."

"सोळा ठिपक्यांत असतो."

"नसते!"

रोज सकाळी साडेदहाला हे भांडण सुरू व्हायचं. पुढे पुढे दोघंही सव्वादहालाच यायला लागले, तेव्हा आम्ही काय ते समजलो.

भांडणाचा निकाल लावला माझ्या आईने. गेममध्ये बाजार होता आणि बाजारात मी नऊवारीतली एक बाई काढली होती. आईला हौसेनं फोनवर दाखवली. आईने दोन मिनिटं बटणं दाबली आणि म्हणाली, "शुभे, ही बाई शुद्धीवर आहे का गं? उजवीकडे जाताना पदर डाव्या खांद्यावर, डावीकडे वळली की उजव्या! भर बाजारात?"

मी दुसऱ्या दिवशी ऑफिसात सांगितलं. गजानन मुग्धाकडे बघून नुसता हसला. मुग्धा म्हणाली, जागा नाही. मी म्हटलं, सुरुवातीला कंपनीचा लोगो येतो ना, गोल गोल फिरत? तो काढला तर डाव्या चालीची चार चित्रं आरामात बसतील.

तो लोगो सरांनी स्वतः काढलेला. सर म्हणाले, "लोगो राहील. बाईने पदर सांभाळावा."

*

मुग्धाचे वडील लिमये काका. आयुष्यभर शाळेच्या पुस्तकांची प्रुफं तपासली, रिटायर झाल्यावरही घरी प्रुफं आणायचे, खिशात कायम लाल पेन. लग्नपत्रिका घरी आली तरी आधी चुका काढणार, मग तारीख बघणार. मुग्धाने गजाननला त्यांच्याकडे नेलं. मी सोबतीला होते म्हणून हा प्रसंग डोळ्यांदेखत बघितला.

"गाव?"

"अकोला, काका."

"लांब आहे." मग जरा वेळाने, "करता काय?"

गजाननने फोन पुढे केला. काकांनी चष्मा लावला. स्क्रीनवर टाचणीच्या डोक्याएवढा हिरो चालत होता.

"एवढं करायला किती दिवस?"

"आठ."

"दिसतंय तर नुसतं डोकं."

"वरून पाह्यलं की तेवढंच दिसते, काका."

काकांनी फोन परत दिला आणि चष्मा पुसला. "आमची मुलगी आम्ही समोरून बघणाऱ्याला द्यावी म्हणतो."

चहा आला, प्यायलो, उठलो. जिन्यात गजाननचं तोंड बघवत नव्हतं. मुग्धा खाली सोडायला आली आणि म्हणाली, "बाबा हो म्हणाल्याशिवाय मी लग्न करणार नाही. आणि दुसऱ्या कुणाशी तर मुळीच करणार नाही." एवढं बोलून ती वर निघून गेली. आता काकांच्या एका 'हो'वर दोघांचा जन्म अडकला होता, आणि काकांनी उभ्या हयातीत पहिल्या प्रुफाला कधी 'हो' म्हटलेलं नव्हतं!

*

त्यानंतरच्या गेममध्ये एक गाव होतं आणि गावात नदीवर अरुंद पूल. गजाननने पुलावर एक म्हातारा ठेवला. विरळ केस, हातात छत्री, खिशाशी लाल ठिपका. हिरोला पलीकडे जायचं असतं, आणि म्हातारा पुलावर येरझाऱ्या घालतो. तीन पावलं उजवीकडे, तीन पावलं डावीकडे, पण बाजूला काही होत नाही. गावातली सगळी कामं उरकल्यावर लेव्हल संपते, तेव्हाच वाट मोकळी.

तो किती हटून बसेल हे प्रोग्रॅममध्ये मुग्धाने लिहिलं होतं. तिने म्हाताऱ्याकडे एकदा बघितलं, गजाननकडे एकदा बघितलं आणि काहीएक न विचारता त्याला आणखी हट्टी करून टाकलं.

क्लायंटची मेल आली, हा म्हातारा बाजूला का होत नाही?

सरांनी उत्तर धाडलं, "तो पेठेत राहतो." त्यावर पुन्हा मेल आली नाही.

*

गेम पाठवायला दोन दिवस उरले होते. मंगळवार होता. गजानन गॅलरीत गेला आणि तसाच उलट्या पावली आत आला, चेहरा पांढराफटक.

"लिमये काका! जिना चढून राहिले!"

मुग्धा डबा घरी विसरली होती, तो द्यायला ते आले होते. मी म्हटलं, गेम बंद कर! पण फोनवर एकदा गेम पाठवायला लागलं की मधेच थांबवता यायचं नाही, आणि तीनही कॉम्प्युटरवर तोच पूल, तोच म्हातारा! काका दारात. डाव्या हातात छत्री, उजव्या हातात डबा.

डबा ठेवला, बसले, श्वास घेतला, चष्मा लावला. आणि बघत राहिले. आपटे सरांनी टोपी काढली, का ते त्यांनाच ठाऊक.

"हा कोण?" काकांनी विचारलं.

आम्ही सगळे गजाननकडे बघायला लागलो. शेवटी गजानन म्हणाला, "आपण, काका."

"मला कधी बघितलंत इतकं?"

"दर मंगळवारी. खालच्या प्रकाशकाकडे प्रुफं न्यायला येता तवा. या गॅलरीतून."

काका पुन्हा स्क्रीनकडे वळले. म्हातारा तीन पावलं चालला.

"उजवा पाय जरा उशिरा पडतो," काका म्हणाले.

"तुमचा गुडघा, काका. पावसाळ्यात दोन फ्रेम उशीर होते, एरवी एक. मी पावसाळ्यातला नाई घेतला."

काकांच्या गुडघ्याचं मुग्धालाही माहीत नव्हतं. ती त्यांच्याकडे बघायला लागली तसे ते गडबडीने चष्मा पुसायला लागले. माझं मन म्हणत होतं, आता म्हणा, काका, आता म्हणा!

तेवढ्यात पडद्यावरचा म्हातारा डावीकडे वळला. काका ताडकन पुढे वाकले.

"थांबवा! छत्री उजव्या हातात कशी गेली?"

"बाबा, जागा वाचते म्हणून आपण..."

"मुग्धा, उजवा हात पेनाला मोकळा लागतो. चाळीस वर्षं मी छत्री डाव्या हातात धरतोय. हे चुकलंय." उठले, छत्री घेतली, डाव्याच हातात. "दुरुस्त करा. मग बघू."

ते गेले. मुग्धा रडायलाच लागली. म्हणाली, चार चित्रांची जागा आणू कुठून? एक ठिपका शिल्लक नाही! गजानन मान खाली घालून बसला, अगदी त्या भांग मोडलेल्या हिरोसारखा. मग खुर्ची सरकल्याचा आवाज आला. आपटे सर उठले होते.

"माझा लोगो काढा," ते म्हणाले आणि गॅलरीत जाऊन पाठमोरे उभे राहिले.

गजाननने दोन दिवस घातले त्या चार चित्रांवर. जगातल्या कुठल्याशा देशात तो गेम गेला, त्यात हिरो उलटा व्हायचा, माझी नऊवारीतली बाई पदर बदलायची. खरीखुरी डावी बाजू होती ती एकट्या त्या म्हाताऱ्याला.

गुरुवारी काका स्वतःहून आले. डबा वगैरे काही नाही. बसले. म्हणाले, "दुसरं प्रूफ."

मुग्धाने गेम लावला. म्हातारा उजवीकडे गेला, छत्री डाव्या हातात. डावीकडे वळला, छत्री डाव्या हातात. काकांनी वर-खालीही बघून घेतलं. हिरो पुलाच्या अलीकडे उभाच होता. गजानन काकांच्या खुर्चीमागे उभा.

काकांनी लाल पेन खिशातून काढलं, क्षणभर स्क्रीनजवळ नेलं आणि टोपण न काढताच परत खिशाला लावलं. चष्मा काढला. मान वळवून, खालून वर, गजाननच्या चेहऱ्याकडे समोरून नीट बघितलं.

"छत्री बरोबर आहे," ते म्हणाले. "आता त्या म्हाताऱ्याला बाजूला करा. मुलगा केव्हाचा उभा आहे."