खिरीतल्या मनुका

सर्वपित्री अमावस्येच्या दुपारी आमच्या कुत्रीला उलट्या सुरू झाल्या. पहिली जिन्यात, दुसरी शेजारच्या काकूंच्या पायपुसण्यावर. मग जुलाब. डॉक्टरांनी तिचं पोट दाबून विचारलं, "काय खाल्लं?"

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. बिबवेवाडीतल्या आमच्या इमारतीत त्या दिवशी घरोघरी कावळ्याचं, गाईचं आणि कुत्र्याचं पान काढतात. गल्लीतल्या कुत्र्यामागे पान घेऊन कोण फिरणार? लस टोचलेली, पट्टा घातलेली आमची कुत्री सगळ्यांच्याच सोयीची. याच कर्मकांडांविरुद्ध जन्मभर पत्रकं वाटलेल्या बाबांना, तिचा पट्टा धरून उभे असताना, एकालाही नाही म्हणता आलं नाही.

"खीर," ते शेवटी म्हणाले. "वडेही."

"खिरीत मनुका होत्या? काही कुत्र्यांची त्याने किडनी जाते. काहींना काहीच होत नाही. किती खाल्ल्या, कळलं तर बरं."

तिला सलाईन लावलं. बाबांना तिच्यापाशी ठेवून मी दारोदार विचारत सुटले. पत्रकं वाटताना मी याच दारांवर न घाबरता बोलले होते. आता शब्द अडखळत होते.

"अगं, मनुका मोजून का घालतं कोणी?" काकू म्हणाल्या. "आणि पितरांचं अन्न बाधत नसतं."

"काकू, ती मरेल."

"मग काढ की एक पत्रक. कुत्र्यांसाठी. वाचतील!"

एरवी मी तिथल्या तिथे उत्तर दिलं असतं. त्यांचं म्हणणं कसं चूक आहे हे मला मुद्देसूद सांगता येत होतं, पण त्यातल्या एकाही मुद्द्याने कुत्रीच्या पोटातल्या मनुका मोजता येणार नव्हत्या. खाली मान घालून मी पुढची बेल दाबली. कोणालाच काही सांगता आलं नाही.

संध्याकाळी तिला घरी सोडताना डॉक्टर म्हणाले, "रक्ताचा रिपोर्ट उद्या. तोवर लघवी होते का, तेवढं बघा. नाही झाली तर लगेच घेऊन या."

आम्ही तिला पार्किंगमध्ये नेलं. ती प्रत्येक गाडीचं चाक हुंगत होती, थांबत होती आणि पुढे जात होती. बाबा तिच्यामागे वाकून चालत होते. "कर गं बाई," ते हळूच म्हणाले. तिने मागे वळून त्यांच्याकडे पाहिलं आणि फरशीवर अंग टाकलं. बाबाही तिच्याशेजारी खाली बसले. मी पट्टा धरून उभी राहिले.