बोडणाचे बारा तुकडे

माझ्या व्यवस्थितपणामुळे एकदा आमच्या घरची देवी उपाशी उठली, असं सांगितलं तर तुम्हाला पटेल का? चहा घ्या, सांगतो.

नव्या सूनबाईंचं पहिलं बोडण होतं. पाच सवाष्णी आणि एक कुमारिका परातीभोवती बसून पुरणपोळ्या, दूध, दही, तूप, मध हातांनी कालवतात. कुमारिका मागेल ते घालायचं, ती पुरे म्हणेपर्यंत हात काढायचे नाहीत. पुरुषांनी तर तिकडे बघायचंही नाही. आमच्याकडे हे सगळं धारच्या आत्याबाई सांगणार आणि बाकीच्या करणार. पण या वेळी गुडघ्यांमुळे त्यांना देवासपर्यंतची बस झेपेना. सूनबाई हिंदी शाळेत शिकलेल्या, माझं मराठी अक्षर त्यांना लागेना. म्हणून मीच धारला गेलो आणि आत्याबाईंचा आवाज फोनमध्ये भरून आणला. बारा तुकडे. प्रत्येकाच्या शेवटी, काम उरकावं म्हणून, त्या थोडा वेळ गप्प बसल्या होत्या.

जुन्या फोनचं मेमरी कार्ड मध्येच दिसेनासं व्हायचं, म्हणून नवं घेतलं आणि फाईली त्यात हलवल्या. नुसत्या हलवल्या असत्या तर आज सांगायला काही उरलं नसतं. पण फोनने दिलेली ती लांबलचक आकडी नावं मला बघवेनात. एकेक फाईल पूर्ण ऐकली आणि स्वच्छ नाव दिलं. 1 मांडणी, 2 दूध, 3 दही, असं थेट 12 पर्यंत. वहीत नोंदही केली.

बोडणाच्या दिवशी पहिली फाईल लावून दिली. पुढच्या आपोआप लागणार होत्या. मी ओसरीवर येऊन बसलो.

आतून आत्याबाई बोलू लागल्या, "पोळ्या मांडा. अन्नपूर्णा परातीत बसवा. सगळ्याजणी हात लावा." जरा शांतता. मग, "कुमारिका पुरे म्हणाली ना? आता हात काढा."

मी ताठ झालो. दूध कुठे गेलं?

"काकू, मैंने तो अभी कुछ माँगा ही नहीं," शेजारची चिमुरडी कुमारिका म्हणाली.

"मंदा, सगळ्याजणी थांबा जरा," मी बाहेरून बायकोला हाक मारली.

"तुम्ही मध्ये बोलू नका. आत्याबाई सांगतायत."

आणि आत्याबाई सांगतच होत्या. "अन्नपूर्णा धुऊन देव्हाऱ्यात ठेवा. परात झाका. गाईला घाला."

पाच मिनिटांत झाकलेली परात माझ्यासमोरून गल्लीतल्या गाईकडे निघाली. सूनबाई खुशीत. "बाबा, बस इतकंच? मी उगाच टेन्शन घेत होते."

मागे रिकाम्या खोलीत फोन म्हणाला, "आता त्यात दूध घाला."

मोबाईलच्या दुकानदाराने नावं पाहिली आणि कपाळाला हात लावला. "भिया, ये पहला अंक देखता है. एक के बाद दस, ग्यारह, बारह, फिर दो. पुराने नाम में तारीख-टाइम था, लाइन से बजते. बदले काय को?"

आत्याबाईंना फोन करून सगळं कबूल केलं. पलीकडे पंचांग चाळल्याचं ऐकू आलं. मग म्हणाल्या, "बाळू, शुक्रवारी पुन्हा बोडण भरा."

शुक्रवारी बोडण यथासांग झालं. या वेळी आत्याबाईंनी सगळं एका दमात बोलून थेट सूनबाईंच्या फोनवर पाठवलं होतं. मला मात्र त्यातलं पहिलंच वाक्य ऐकता आलं.

"परात मांडायच्या आधी बाळूला फाटकाबाहेर काढा आणि आतून कडी लावा."