समासातली पेन्सिलताई

पेन्सिलताई कुणाचं वाक्य कधी खोडत नसे. शेजारी समासात बारीक अक्षरात प्रश्न लिही. 'अख्खी वाडी तहानलेली!' असं मी मोर्चाच्या पत्रकात ठोकून द्यावं, आणि तिनं विचारावं, 'किती घरांत विचारलंत?' बोलताना मला 'तू', समासात मात्र 'तुम्ही'. माझा संताप व्हायचा. पत्रक आहे, प्रबंध नाही! पण मुकाट्यानं मी पुन्हा वाडीची दारं ठोठावायला जायची.

ती सुदुंबऱ्याची. कामगाराची पोर प्रयोगशाळेपर्यंत पोचली, मातीतल्या जिवाणूंमागे सात वर्षं राबली, आणि शोधनिबंध छापून आला तेव्हा त्यावर तिचं नाव नव्हतं. मग लोणावळ्यात, एका बंगल्यामागच्या खोलीत बसून ती परदेशी शास्त्रज्ञांचे निबंध छपाईआधी तपासू लागली. शनिवार-रविवार पुढं बंगल्यात पर्यटकांचा धिंगाणा, सोमवारी सगळं चिडीचूप. "रोज शास्त्रज्ञांशी बोलते," ती म्हणायची, "आवाज एकाचाही ऐकलेला नाही." मी उठायला लागले की विचारायची, "अजून एखादं पान असेल ना तपासायचं?"

शेवटी मी तिच्यावरच पत्रक लिहिलं. 'शास्त्रज्ञ मुलीचं नाव गिळलं!' तिनं पेन्सिलीला टोक केलं आणि परक्याचं वाचावं तसं वाचलं. समासात प्रश्न आला : 'नाव कुणी काढलं? तिला विचारलंत?'

"मग सांग ना, ताई!"

"मीच काढायला लावलं. गैरसोयीची मोजमापं वगळली होती वरिष्ठांनी. त्याखाली माझं नाव कसं ठेवू?"

"आणि गप्प बसलीस?"

"छापणाऱ्यांना पत्र लिहिलं होतं. उत्तर आलं नाही." पेन्सिल खाली ठेवून म्हणाली, "हे छापू नकोस."

नाही छापलं.

गेल्या वर्षी ती आजारानं गेली. मी सुदुंबऱ्याला गेले, तर तिची आई म्हणाली, "लय शिकली पोर, पण काय करत हुती ते लोकांस्नी सांगता येत न्हाई. तिनं तपासलेलं दाव की."

तिनं कधी सांगितलेले निबंध मी फोनवर उघडले.

"ह्यात तिचं नाव कुटं हाय?"

"कुठंच नाही, मावशी. तपासणाऱ्याचं छापत नाहीत."

मावशी फोनकडे बघतच राहिली. मला राहवेना. पिशवीतून मी ते न छापलेलं पत्रक काढून दिलं. माझ्या ठळक मथळ्याकडे तिनं ढुंकूनही पाहिलं नाही. समासातल्या प्रश्नावरून, पुसलं जाऊ नये म्हणून कागदाला न टेकवता, बोट फिरवलं.

"ह्ये तिचंच अक्षर. ठिवू का माज्यापाशी?"

माझ्याकडे दुसरी प्रत नव्हती.

"ठेव, मावशी."