व्याह्यांची डबल बेल

मुलीच्या बापाला व्याह्यांचा धाक असतोच. पण रोज सकाळी सातला मोबाईल वाजला की दचकणारा मुलीचा बाप अख्ख्या धाराशिव जिल्ह्यात मी एकटाच असेन. आमचे व्याही येरमाळ्याचे, एसटीतून निवृत्त झालेले कंडक्टर. मानपान, आहेर यांवरून ते कधी रुसले नाहीत. रुसले ते माझ्या साखरेवरून. लग्नाच्या पंगतीत वरबाप तरातरा माझ्या पानाशी आले आणि जिलेबी उचलून म्हणाले, "ही सीट रिझर्व्ह हाय." वरबाप रुसले म्हणून मांडवात धावपळ उडाली.

सोयऱ्याधायऱ्यांतले शुगरवाले, बीपीवाले, किडनीवाले असे अकरा 'प्रवासी' त्यांनी गोळा केलेत. सगळ्यांच्या फायली त्यांच्या जुन्या चामडी पिशवीत. शुगरच्या डॉक्टरांनी काय दिलंय ते डोळ्यांच्या डॉक्टरांना हेच सांगणार, आणि हृदयाच्या डॉक्टरांना त्या दोघांचंही. गोळीची आठवण मात्र एसटीच्या घंटीनं. सातला त्यांचा एक मिस्ड कॉल, म्हणजे थांबा, गोळी घ्या. ती घेऊन आपण दोन द्यायचे, म्हणजे डबल बेल, गाडी जाऊ द्या.

मी दोन महिने अंथरुणातूनच नुसती डबल देत होतो. गोळीनं मळमळायचं, आणि व्याह्यांसमोर कुरकुर कशी करायची, हा माझा मोठेपणा.

मागच्या महिन्यात व्याह्यांबरोबर धाराशिवच्या दवाखान्यात गेलो, तेव्हा माझा रिपोर्ट पाहून डॉक्टर म्हणाले, "गोळ्या लागू पडत नाहीत. आता इन्सुलिन."

व्याही ताडकन उठले. "यांची डबल एक दिस चुकली न्हाय, डॉक्टर! येळ माझीच चुकली असंल. लई लवकर घंटी देतो का म्या?"

भर मांडवात न कचरलेला हा माणूस माझ्यासाठी हात जोडून उभा होता. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तिथंच सगळं कबूल केलं. डॉक्टरांनी मला झाडलं, इन्सुलिन थांबवलं, गोळी बदलून दिली. व्याही पिशवीचा पट्टा तेवढा नीट करत राहिले.

बसस्टँडवर मी म्हणालो, "उद्यापासून गोळ्यांच्या पाकिटाचा फोटो पाठवतो. मोजून घ्या."

"आता तुमच्या गोळ्या मोजत बसू व्हय म्या?" ते म्हणाले. "डबल द्या, बास."

आता रोज गोळी गिळूनच डबल देतो. त्यांनी एकदा तरी "खरंच घेतली ना?" असं विचारावं, म्हणजे मला जरा हलकं वाटेल. पण ते विचारत नाहीत.